गमिकवत्त : वर्षावासाचे घर सोडून जाताना

मळवली स्थानकावर उतरून भाजे गावात यावे, भाजे लेण्यांचा डोंगर बाजूला ठेवून गायमुख खिंड चढावी, म्हणजे लोहगड आणि विसापूर या दोन दुर्गांच्या कुशीत वसलेली लोहगडवाडी लागते. आषाढ-श्रावणात या वाडीवर ढग उतरलेले असतात. लोणावळ्याच्या या टापूत वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सारा चार महिन्यांत कोसळतो. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा दुर्गांचा समावेश झाला, त्यांत लोहगडही आहे. त्यामुळे या वाडीचे नाव आता दूरवर पोहोचले आहे. परंतु दुर्ग बांधले जाण्यापूर्वी कित्येक शतके हा डोंगराळ प्रदेश श्रमणांचा पावसाळी निवारा होता. भाजे, बेडसे व कार्ले ही बौद्ध लेणी येथून एका दिवसाच्या पायी वाटचालीत आहेत. लोहगडाच्याच कड्यातील एका लेण्यात २०१९ साली उजेडात आलेला ब्राह्मी लेख अर्हंतांना वंदन करून सुरू होतो व तो जैन परंपरेचा मानला जातो. पावसाळ्यात एका जागी राहण्याची चाल सर्वच श्रमणसंघांत होती, हे विनयपिटकही सांगते. त्या दृष्टीने हा लेख आपल्या अभ्यासाला पूरकच ठरतो.

या लेण्यांविषयी आपण पुष्कळ वाचतो. ती कोणी कोरविली, कोणी दान दिले, चैत्याची कमान कशी आहे, हे प्रश्न वारंवार चर्चिले गेले आहेत. एक साधा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. आश्विन पौर्णिमेला प्रवारणा झाली, भिक्षू चारिकेसाठी निघाले, आणि पुढचे नऊ महिने ते परतणार नव्हते. मग जाताना त्यांनी त्या निवासाचे काय केले? दार कसे लावले, मंचक कोठे ठेवला, किल्ली कोणाच्या हाती दिली? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विनयाच्या आधारे विचार करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ घरगुती व्यवस्थेचा नाही. संघाची मालमत्ता म्हणजे काय आणि तिच्याविषयीची जबाबदारी कोणाची, याचे तथागतांनी दिलेले उत्तर त्यात दडलेले आहे.

ऋतूपुरते घर

वर्षावासाची कथा महावग्गात आली आहे. तथागत राजगृहाच्या वेळुवनात असताना लोकांनी तक्रार केली की, शाक्यपुत्रीय श्रमण भर पावसातही फिरतात, हिरवे तृण तुडवितात, लहान जीवांचा घात करतात. इतर पंथांचे परिव्राजकही पावसाळ्यात एका जागी राहतात, पक्षीसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे करतात, मग यांनाच काय झाले? त्यानंतर तथागतांनी वर्षावासाची अनुज्ञा दिली. वर्षावास उघड्यावर, झाडाच्या ढोलीत, छत्रीखाली किंवा रांजणात करू नये, त्यासाठी सेनासन असले पाहिजे, असाही नियम झाला. 'सेनासन' म्हणजे सयन आणि आसन. निजण्याची व बसण्याची जागा, तिच्यातील मंचक, पीठ, अंथरूण यांसह निवास, इतका व्यापक अर्थ या एका शब्दात येतो.

हे घर कोणाचे? याचे उत्तर चुल्लवग्गातील सेनासनक्खंधकात स्पष्ट आहे. विहार व विहाराची जागा, मंचक, पीठ, अंथरुणे, धातूची भांडी, वेली, बांबू, लाकडी व मातीचे सामान या वस्तू कोणालाही देऊन टाकता येत नाहीत. व्यक्तीला नाही, गणाला नाही आणि खुद्द संघालाही नाही. कोणी दिल्याच तरी त्या दिल्या गेल्या असे होत नाही. निवासवाटपासाठी संघ एक भिक्षू नेमतो, त्याला सेनासनग्गाहापक म्हणतात. एकदा मिळालेली जागा काही भिक्षू सर्वकाळ अडवून बसू लागले, तेव्हा नियम झाला की पावसाळ्याचे तीन महिने जागा राखून ठेवता येईल, इतर ऋतूंत तसा हक्क सांगता येणार नाही. उपनंद शाक्यपुत्राने श्रावस्तीत एक निवास घेतला आणि एका खेड्यातील आवासात जाऊन दुसराही घेतला, तेव्हा एकाने दोन निवास अडवू नयेत असाही नियम झाला. पवना धरणाच्या काठी आणि लोणावळ्याच्या टेकड्यांवर वर्षातील बहुतेक दिवस कुलूपबंद असणारे बंगले पाहिले, म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या छोट्या नियमाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

तेव्हा वर्षावासाचे घर हे तीन महिन्यांचे घर होते. ते सोडताना भिक्षू ते आपल्यासाठी बंद करीत नव्हता. पुढील वर्षी त्या कोठडीत कोण येईल, हे त्याला ठाऊक नव्हते. स्वतःच्या घराला कुलूप लावणारा मनुष्य आपल्या परतण्याचा विचार करतो. भिक्षूला अनोळखी माणसाच्या येण्याचा विचार करावयाचा होता. गमिकवत्त समजून घेताना हा फरक प्रथम ध्यानात धरला पाहिजे.

पाऊस आणि वाळवी

विनयातील बहुतेक नियमांप्रमाणे हे नियमही चुकीतून जन्मले. पाचित्तियाच्या चौदाव्या नियमाची कथा श्रावस्तीच्या जेतवनातील आहे. थंडीच्या दिवसांत भिक्षूंनी मंचक, पीठे उघड्यावर काढली, उन्हात अंग शेकले, आणि वेळ होताच ती तशीच टाकून ते निघून गेले. पाऊस आला आणि संघाचे सामान भिजले. पंधराव्या नियमाची कथा सत्तरसवग्गिय म्हणजे सतरा जणांच्या गटातील भिक्षूंची आहे. त्यांनी विहारात अंथरूण घातले आणि जाताना ते न आवरताच गेले. मागे ते वाळवीने खाल्ले.

या दोन कथांमधून जे नियम झाले, त्यांची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. जाणाऱ्याने तीनपैकी एक गोष्ट केली पाहिजे. स्वतः सामान आवरून ठेवावे, दुसऱ्याकडून आवरून घ्यावे, अथवा कोणास सांगून त्याच्या हवाली करावे. यांतील एकही न करता जो जाईल त्याला दोष लागतो. उघड्यावरील सामानाच्या बाबतीत मध्यम शक्तीच्या पुरुषाने फेकलेला मातीचा ढेकूळ जेथवर जाईल, तेवढे अंतर ओलांडताच दोष घडतो. विहारातील अंथरुणाच्या बाबतीत आवाराची सीमा ओलांडताच तो घडतो. म्हणजे भिक्षूने मागे वळून येण्याइतके तो जवळ आहे तोपर्यंत चूक सुधारण्यास वाव आहे, त्यानंतर नाही. वाटेत खरा अडथळा वा संकट आले असेल तर दोष नाही. नियम कडक आहे, परंतु माणसाची अडचण जाणणारा आहे.

पावसाळा सोडून इतर आठ महिन्यांत, जेथे पावसाची चिन्हे नाहीत अशा काळी, मंडपात किंवा वृक्षाखाली सामान ठेवण्याची मुभाही देण्यात आली. मात्र कावळे व घारी जेथे घाण करीत नाहीत अशीच जागा पाहावी. नियम करणाऱ्याची दृष्टी झाडाच्या फांदीवरील पक्ष्यापर्यंत पोहोचते, हे विनयाचे वैशिष्ट्य आहे.

गमिकवत्त

चुल्लवग्गातील वत्तक्खंधकात आगंतुक, आवासिक आणि गमिक अशा तिघांची कर्तव्ये क्रमाने दिली आहेत. गमिक म्हणजे निघून जाणारा. जाणारे भिक्षू लाकडी व मातीच्या वस्तू न आवरता, दारे-खिडक्या उघड्या टाकून, सेनासन कोणाच्या हवाली न करता निघून जात. वस्तू नाहीशा होत आणि निवास अरक्षित राही. सज्जन भिक्षूंनी याविषयी नापसंती दर्शविली आणि तथागतांनी गमिकाचे कर्तव्य सांगितले. त्याचा सारांश असा.

जाणाऱ्याने प्रथम लाकडी व मातीच्या वस्तू आवरून ठेवाव्यात, दारे-खिडक्या लावाव्यात आणि सेनासन सांगून-सोपवून निघावे. कोणाला सोपवावे? तेथे भिक्षू असल्यास भिक्षूला. भिक्षू नसल्यास श्रामणेराला. तोही नसल्यास आरामिकाला, म्हणजे विहाराच्या आवाराची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थाला. आरामिकही नसल्यास उपासकाला. या चौघांपैकी कोणीच नसेल तर मग वस्तूंकडे वळावे. चार दगडांवर एक मंचक मांडावा, त्या मंचकावर दुसरे मंचक चढवावेत, पीठावर पीठ ठेवावे, अंथरुणांची रास त्यांच्यावर रचावी, दारे-खिडक्या लावाव्यात आणि निघावे.

विहार गळत असेल तर? शक्य असल्यास शाकारावा. स्वतःला शक्य नसल्यास तो शाकारला कसा जाईल यासाठी खटपट करावी. तेही न जमल्यास विहारात जो कोपरा गळत नाही तेथे चार दगडांवर मंचक रचावा. सगळाच विहार गळत असेल तर सामान गावात न्यावे किंवा नेले जाईल अशी खटपट करावी. तेही साधले नाही, तर उघड्यावर चार दगडांवर मंचक रचून तो गवताने वा पानांनी झाकावा आणि निघावे. या अखेरच्या पायरीमागील विचार हृदयाला भिडणारा आहे. निदान काही भाग तरी शिल्लक राहील, एवढीच आशा तेथे व्यक्त केली आहे.

या क्रमातून तीन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, सुरक्षिततेचे पहिले साधन माणूस आहे. दगड, दार आणि कडी यांची पाळी नंतर येते. चौघांच्या यादीत दोघे प्रव्रजित मार्गावरचे आणि दोघे गृहस्थ आहेत. म्हणजे संघाच्या मालमत्तेचा विश्वस्त होण्याचा अधिकार उपासकालाही दिला आहे. दुसरी गोष्ट, 'करणे' आणि 'करविण्याची खटपट करणे' यांना सारखेच मोल आहे. वृद्ध किंवा आजारी भिक्षूला छपरावर चढता येणार नाही, पण शेजारच्या गावात जाऊन चार शब्द बोलता येतील. तिसरी गोष्ट, सर्व काही वाचविता येत नाही म्हणून काहीच वाचवू नये, ही पळवाट विनयाला मान्य नाही. छप्पर नसेल तर कोरडा कोपरा, कोपरा नसेल तर गाव, गाव नसेल तर झाडाची पाने. कर्तव्य संपत नाही, फक्त त्याचे रूप लहान होत जाते.

चार दगडांचे प्रयोजन कोणत्याही मावळी शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. जमिनीची ओल आणि वाळवी या दोन्हींपासून लाकूड दूर ठेवण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मावळात त्याची गरज अधिकच. आश्विन पौर्णिमेनंतरही येथे परतीच्या पावसाची सर येते, आणि भिक्षू आषाढात परतण्यापूर्वी वैशाख-ज्येष्ठात वळीव कोसळून गेलेला असतो. कोरडे म्हटलेले आठ महिने दोन्ही टोकांना ओलेच असतात.

आगळ आणि टाळे

दारे-खिडक्या लावाव्यात असे म्हणावयाचे, तर दारे-खिडक्या हव्यात. सेनासनक्खंधकात त्यांचाही इतिहास आहे. आरंभी विहारांना दारेच नव्हती. मग दार, चौकट, दार फिरण्यासाठी उखळी, दार ओढण्यासाठी भोक आणि दोरी, अडसर व त्याची खुंटी अशी एकेक वस्तू गरजेप्रमाणे अनुज्ञात होत गेली. पुढे बाहेरून दार लावता यावे म्हणून किल्लीचे भोक आणि धातूची, लाकडाची व शिंगाची अशा तीन प्रकारच्या किल्ल्या यांना परवानगी मिळाली. खिडक्या तीन प्रकारच्या सांगितल्या आहेत. त्यांच्या फटींतून खारी व वटवाघळे आत येऊ लागली, तेव्हा पडदे व झडपाही आल्या. पाली 'अग्गळ' आणि आपली 'आगळ', पाली 'ताळ' आणि आपले 'टाळे' यांचे नाते उघड आहे. 'लेण' हा शब्द तर आपण 'लेणे' म्हणून आजही उच्चारतो. विनयाची भाषा आपल्या उंबऱ्यावर अशी अजून नांदते आहे.

भाजे किंवा बेडसे येथील कोठड्यांच्या दारांशी थांबून पाहावे. लाकडी चौकट बसविण्यासाठी कोरलेल्या खाचा आणि भोके दगडात दिसतात. दार गेले, चौकट गेली, खाच राहिली. भाजे येथील कोठड्यांत दगडातच कोरलेले शयनाचे ओटेही आहेत. ज्या मंचकाला वाळवी खात नाही आणि ज्याला चार दगड लागत नाहीत, असा तो मंचक होय. लेणे कोरण्यामागे अनेक कारणे होती. त्यांपैकी एक हेही असावे की, गवताचे छप्पर दरवर्षी शाकारावे लागते, डोंगर शाकारावा लागत नाही. तरीही लाकूड पूर्णपणे टाळले गेले नाही. भाज्याच्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या आजही आहेत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील या चैत्यगृहात लाकूड टिकते, याचा अर्थ ते ओल आणि जमीन यांपासून दूर राहिले, हाच आहे.

धनियाची झोपडी

घर न आवरता राहण्याची आणि जाण्याची एक बोधप्रद कथा दुसऱ्या पाराजिकाच्या आरंभी आहे. राजगृहाजवळ इसिगिलि डोंगराच्या उतारावर अनेक भिक्षूंनी गवताच्या झोपड्या उभारून वर्षावास केला. तीन महिने संपताच त्यांनी झोपड्या मोडल्या, गवत आणि लाकूड नीट आवरून ठेवले आणि ते चारिकेला निघाले. कुंभारपुत्र धनिय मात्र पावसाळा, हिवाळा, उन्हाळा तेथेच राहिला. तो भिक्षेसाठी गावात गेला की, गवत-लाकूड गोळा करणारी माणसे त्याची झोपडी मोडून सामान घेऊन जात. असे तीनदा झाले. तेव्हा आपल्या जुन्या विद्येचा उपयोग करून त्याने मातीची झोपडी बांधली आणि ती भाजून लाल केली. असंख्य लहान जीवांचा त्यात बळी गेला असणार म्हणून तथागतांनी ती मोडविली. पुढे धनियाने राजाचे राखीव लाकूड खोटे सांगून आणविले आणि त्यातून अदत्तादानाचा गंभीर नियम झाला.

या कथेत आपल्या विषयाची दोन्ही टोके आहेत. ज्यांनी ऋतू संपताच घर उकलून, आवरून ठेवले त्यांचे काही गेले नाही. ज्याने ऋतूचे घर कायमचे करू पाहिले त्याचे घर तीनदा गेले, आणि ते राखण्याच्या अट्टाहासात तो हिंसेपर्यंत व पुढे चोरीपर्यंत पोहोचला. निष्काळजीपणा हा एक दोष, तर आसक्ती हा दुसरा. गमिकवत्त या दोहोंच्या मधून जाते. वस्तू नीट ठेवा, आणि ठेवून निघा.

परत येणाऱ्यासाठीही नियम आहेत. एक आगंतुक भिक्षू रिकाम्या विहाराची कडी काढून धसमुसळेपणाने आत शिरला. चौकटीवरचा साप त्याच्या खांद्यावर पडला आणि तो भयाने ओरडला. तेव्हापासून नियम झाला की, आधी दार वाजवावे, क्षणभर थांबावे, कडी काढून दार ढकलावे आणि बाहेरूनच आत पाहावे. मग वरपासून खाली असे झाडावे, छतावरील जाळी आधी काढावी. आठ महिने बंद असलेले कोणतेही घर उघडणाऱ्याने आजही हेच करावे.

गाव आणि लेणे

आता चौघांच्या यादीतील आरामिक आणि उपासक यांच्याकडे वळू. मावळातील लेण्यांच्या बाबतीत हे लोक कोण होते, याचे उत्तर शिलालेखांतून मिळते. कार्ले येथील लेखात नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक लेण्यांत राहणाऱ्या, तेथे वर्षावास करणाऱ्या चातुर्दिश संघाच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिल्याची नोंद आहे. पुढे क्षहरातांचा पाडाव झाला आणि सातवाहनांची सत्ता आली. कार्ल्याच्याच आणखी एका लेखात 'मामाड' येथील अमात्याला उद्देशून राजाज्ञा आहे व त्याच गावाचे दान महासांघिक भिक्षूंना देण्यात आले आहे. हे 'मामाड' म्हणजे आपले मावळ, असे अभ्यासक मानतात. परस्परांचे वैरी असलेल्या दोन राजवटींनी लेण्यांची सोय मात्र तोडली नाही.

नाशिकच्या दहाव्या लेण्यातील उषवदाताचा लेख याहून तपशीलवार आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापणे दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवली. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याजच वापरावयाचे. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास केलेल्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणे चीवरासाठी द्यावयाची. हिशेब करून पाहावा. दरमहा २० कार्षापणे व्याज म्हणजे वर्षाला २४०, आणि २० भिक्षूंना प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. एक कार्षापण उरत नाही, एक कमी पडत नाही. भिक्षू निघून गेल्यावरही ज्यांच्या हाती लेण्याचे धन सुरक्षित राहत होते, ते लोक माग चालविणारे कारागीर होते. हाताने काम करणाऱ्यांच्या श्रेणी संघाच्या विश्वस्त होत्या, ही गोष्ट आपल्या समाजाने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे.

गाव आणि अरण्य यांचा हा विश्वास विनयातही दिसतो. वर्षावासानंतर भिक्षूंजवळ नवी चीवरे असतात हे जाणून कार्तिकात चोर अरण्यातील निवासांवर धाड घालीत. तेव्हा अरण्यवासी भिक्षूने तीन चीवरांपैकी एक गावातील घरी ठेवावे, अशी अनुज्ञा मिळाली. मात्र त्यापासून सहा रात्रींहून अधिक काळ दूर राहू नये. बेडसे येथे गोभूती नावाच्या अरण्यवासी, पिंडपातिक स्थविराचा स्तूप आहे, तो त्यांच्या शिष्याने उभारला. अशा अरण्यवासी भिक्षूलाही दररोज भिक्षेसाठी गावाची पायरी चढावी लागे. अरण्य आणि गाव यांच्यात हा धागा होता, तोवर लेणे रिकामे असूनही बेवारस नव्हते.

हा धागा तुटला तेव्हा काय झाले ते आपण पाहतोच. लेण्यांतून कोठारे झाली, गुरांचे गोठे झाले. लोहगडावरील लक्ष्मीकोठी हे कोरीव लेणे नंतरच्या काळात खजिन्याच्या कथांनी ओळखले जाऊ लागले. कार्ल्याच्या चैत्यगृहापुढे एक सिंहस्तंभ उभा आहे, आणि दुसऱ्या स्तंभाची जागा असावी तेथे आज एकवीरेचे मंदिर आहे. याविषयी रोष व्यक्त करणे सोपे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र हेही सांगितले पाहिजे की, रिकामे घर फार काळ रिकामे राहत नाही. दार मोडण्यापूर्वी बराच काळ सोपविण्याची परंपरा मोडलेली असते. भिक्षू उरला नाही, श्रामणेर उरला नाही, आरामिक पांगले, आणि अखेर उपासकही कोणी उरला नाही. चार पायऱ्या एकेक करून ढासळल्या. तरीही दगड शिल्लक राहिले, आणि निदान काही भाग राहील ही विनयातील आशा फोल ठरली नाही.

आपले विहार

मावळाचे आणि आपले नाते पुन्हा जुळले ते बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे. तळेगाव दाभाडे येथील त्यांचे निवासस्थान आज स्मारक म्हणून जपले जाते. देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. भाजे लेण्यांच्या पायथ्याशी त्रिरत्न बौद्ध महासंघाचे 'सद्धम्म प्रदीप' हे शिबिर केंद्र आहे. ज्या डोंगरातील दिवे शतकानुशतके विझले होते, त्याच्या पायथ्याशी पुन्हा त्रिशरण-पंचशीलाचे स्वर उमटत आहेत.

परंतु आपल्या विहारांचे वर्षही ऋतूंत विभागलेले आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते, दररोज संध्याकाळी दिवा लागतो, पू. भन्ते येतात, भोजनदान होते. ग्रंथसमाप्ती झाली की सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि दाराला कुलूप लागते. ते पुढे सहा डिसेंबर, चौदा एप्रिल, वैशाख पौर्णिमा अशा दिवशी उघडते. काही वर्षांपूर्वी एका वस्तीतील विहार वर्षावासाच्या आधी उघडला गेला, तेव्हा मी तेथे उपस्थित होतो. ग्रंथांचे कपाट जमिनीला आणि भिंतीला टेकून ठेवलेले होते. वाळवी खालून चढली होती. बाबासाहेबांच्या ग्रंथाच्या तीन प्रती हातात घेताच त्यांचा भुगा झाला. कुलूप मात्र शाबूत होते. कार्यकर्त्यांनी एकमेकांना विचारले की, किल्ली कोणाकडे होती? उत्तर मिळाले, ती सगळ्यांकडेच होती. त्या क्षणी मला पंधराव्या पाचित्तियातील सतरा भिक्षू आठवले. तेही सतरा जण होते, आणि सांगून-सोपविण्याचे काम प्रत्येकाने दुसऱ्यावर ठेवले असावे.

म्हणून नम्रपणे एक सूचना करावीशी वाटते. आश्विन पौर्णिमेला प्रवारणेनंतर प्रत्येक विहारात गमिकवत्ताचा एक छोटा विधी व्हावा. त्यासाठी खर्च नाही. एका व्यक्तीचे नाव सर्वांसमक्ष घेऊन विहार पुढील वर्षावासापर्यंत तिच्या हवाली करावा. ती व्यक्ती भिक्षू असेल तर उत्तम. नसेल तर उपासक किंवा उपासिका असावी, आणि ती विहाराजवळ राहणारी असावी. सामानाची यादी वाचून दाखवावी. कपाट व पेट्या दगडांवर किंवा विटांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवाव्यात. छपराची गळती याच वेळी पाहावी, कारण नुकताच पाऊस सरलेला असल्याने ओल कोठे आली हे भिंतच सांगते. ज्येष्ठात पाहू म्हटले तर वळीव आधी येतो. दुरुस्तीची ऐपत नसल्यास विनयाने सांगितलेली 'खटपट' करावी. ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, शेजारच्या वस्तीत चार शब्द बोलावेत. आणि नऊ महिन्यांत एकदा तरी दार उघडून उजेड आत येऊ द्यावा.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक मूलभूत प्रश्न उपस्थित केला आहे. भिक्षू निर्माण करण्यामागे तथागतांचा हेतू कोणता होता? पूर्ण पुरुष घडविण्याचा की समाजसेवक घडविण्याचा? या मोठ्या प्रश्नाचे एक छोटे उत्तर गमिकवत्तात सापडते, असे मला वाटते. जो भिक्षू पुन्हा कदाचित कधीही या कोठडीत येणार नाही, तो अनोळखी माणसासाठी मंचकाखाली चार दगड मांडतो. अपरिग्रह म्हणजे बेफिकिरी, असा समज पुष्कळांचा असतो. विनय सांगतो की, जी वस्तू माझी नाही तिची काळजी अधिक घ्यावयाची असते, कारण ती सर्वांची असते.

पुढील आश्विन पौर्णिमेनंतर कोणी लोहगडवाडीच्या वाटेने जाणार असेल, तर त्याने भाज्याच्या एखाद्या रिकाम्या कोठडीच्या दारात क्षणभर थांबावे. चौकटीच्या खाचेवरून हात फिरवावा. येथून कोणी तरी एका सकाळी दार ओढून, कोणाला तरी सांगून चारिकेला निघाला होता. तो ज्याच्यासाठी हे घर आवरून गेला, तो येणारा भिक्षू आपल्यापैकीच कोणी असू शकेल. आपणही आपापला विहार तसाच आवरून ठेवू या.

भवतु सब्ब मंगलं.